गुंड्याची बाटली

सोमवार, ३ मार्च
आजही कुत्र्यांच्या लघवीच्या बाटल्या. बारा कॅन्सरवाले, सहा धडधाकट. निळ्या जेलवर जिथे पांढरा पट्टा उमटतो, तिथलं प्रथिन लघवीतल्या एन्झाइमने खाऊन टाकलेलं असतं. पट्टा ठळक तितकी गाठ वाईट — हा लॅबच्या प्रमुख मॅडमचा अंदाज. सिद्ध काही नाही.
आई जाऊन चार महिने झाले. डबा खाल्ला की नाही, तेही आठवत नाही.

बुधवार, ५ मार्च
बाबा लॅबच्या दारात. हातात औषधाची धुतलेली बाटली, वर चिकटपट्टीवर ‘गुंड्या’, त्यांच्या कुत्र्याचं नाव. अक्षर अजून पोस्टात नोकरीला होते तेव्हाचंच. कुत्र्याला लघवीतून रक्त जातंय म्हणाले. तपास, पण कुणाला सांगू नकोस. बसलेही नाहीत.

शुक्रवार, ७ मार्च
गुंड्याच्या रकान्यात तीन पट्टे. सगळ्यांत ठळक. मला काहीच वाटलं नाही. मॅडम म्हणाल्या, यावर जाऊ नकोस, सोनोग्राफी करून घे.
बाबांना फोन केला. त्यांनी विचारलं, किती दिवस काढेल? मी सरळ सांगून टाकलं — पसरलं असेल तर सहा महिने. म्हणाले, “बरं.”

सोमवार, १० मार्च
जनावरांच्या डॉक्टरांनी गुंड्याच्या पोटावरून यंत्र दोनदा फिरवलं. मूत्राशय स्वच्छ. म्हणाले, याला काही धाड भरलेली नाही, खाणं तेवढं कमी करा. अंगणात त्याच्या मागे मागे फिरून मी स्वतः बाटली भरली.

बुधवार, १२ मार्च
नव्या बाटलीत एकही पट्टा नाही. जुनी पुन्हा चालवली — तेच तीन. मॅडमना वाटतं, माझ्या हातून अदलाबदल झाली. अकरा वर्षांत एकदाही झालेली नाही. वाद घातला नाही. त्राण नव्हतं.

गुरुवार, १३ मार्च
कामावरून थेट बाबांकडे. सांगितलं, गुंड्या ठणठणीत आहे. त्यांना आनंद झाला नाही.
“बाटलीत माझी होती. तुझ्या आईनंतर त्या दवाखान्याची पायरी चढवेना गं.” मग म्हणाले, “सहा महिने म्हणालीस ना?”
मी त्यांचा हात धरला. “ते कुत्र्याचं होतं, बाबा.”
उद्या सकाळी आठला दवाखान्यात बाबांचा नंबर लावलाय.