एका डावखुऱ्या रायफलीची हकिकत

तीर्थरूप सोल्व्हेगताईस,

धाकट्या अर्लिनचा बसल्या जागेवरून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण गुडघा एकदा खाली टेकला की वर यायला नोरीनला हाक मारावी लागते, आणि नोरीन सध्या हाकेला ओ देत नाही. कारण पुढे येईल.) आम्ही सर्व खुशाल. फेब्रुवारी उजाडला तरी इकडे कुंपणाचे खांब बर्फात बुडालेले आहेत. कुत्र्याला आता ऐकू येत नाही, पण ताटाचा आवाज येतो. तिकडे डुलुथला पोस्टातली नोकरी संपल्यावर तुझा वेळ कसा जातो, दुखरी दाढ काढलीस की अजून तिला जपते आहेस, आणि मुख्य म्हणजे तुझी ती सर्दी कशी आहे? ज्या वर्षी बाबांनी त्यांची रायफल माझ्या हातात दिली, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तू 'सर्दी झालीय' म्हणून शिकारीच्या तंबूवर आली नाहीस. येत्या ऑक्टोबरात त्या सर्दीला बावीस वर्षं होतील. आपल्या घराण्यात एवढी टिकाऊ सर्दी दुसऱ्या कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही. असो. हा विषय मी काढलेलाच नाही असं समज.

पत्रास कारण की, मी रायफल बनवून घेतली. दुकानातून उचलून आणलेली नव्हे, एकेक भाग निवडून जुळवलेली. नळी वेगळी, चाप वेगळा, दस्त्याचं लाकूड वेगळं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस एवढा हरखू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी इतका खूश नव्हतो. (बिनधास्त लिहितो, नोरीन माझी पत्रं वाचत नाही.)

झालं असं की, गेल्या ऑक्टोबरात बाबांच्या त्या ओढ्याकाठच्या जागेवर एक भला थोरला, फांद्यांसारख्या शिंगांचा एल्क माझ्यापुढे ऐंशी पावलांवर येऊन उभा राहिला. आडवा, निवांत, तोंडात गवत. मी गोळी झाडली. त्याने चघळणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी झाडली. तो दोन पावलं पुढे आला, बहुधा मला काही मदत हवी आहे का ते पाहायला. तिसरी झाडेपर्यंत आपला मावसभाऊ गॉर्डी तंबूतून शेवग्यासारखा उंच बाहेर आला आणि हसत हसत बर्फातच बसला. "अर्ल्या," तो म्हणाला, "तुझ्यासमोर उभं राहणं म्हणजे चर्चमध्ये बसण्यापेक्षा सुरक्षित रे. पुढच्या वर्षीपासून तू चुलीशी. रायफल आम्ही बघतो." आणि तंबूतल्या सगळ्यांनी हात वर करून मंजुरी दिली. मीही चुकून हात वर केला.

म्हणून मी डेलबर्टकडे गेलो. डेलबर्ट तुला आठवत असेल, बंदुका दुरुस्त करतो, दिवसाला दहा शब्द बोलतो आणि त्यातले चार कुत्र्याशी. शनिवार होता, म्हणजे कॅफेत माझी पिठीसाखरेची दोन डोनट झाली होती. डेलबर्टने मला दोन्ही हात पुढे ताणून पंजांमध्ये एक झरोका करायला सांगितलं, त्यातून भिंतीवरचं मूस हरणाचं मुंडकं बघ म्हणाला आणि मग एकेक डोळा मिटायला लावला. डाव्या डोळ्याने मूस स्वच्छ. उजव्याने नुसतं धुकं. (सकाळपासून जगाची उजवी बाजू जरा धूसरच होती, मी म्हटलं वय झालं.) डेलबर्ट म्हणाला, "डावा डोळा मालक आहे." मी म्हटलं, म्हणजे? "म्हणजे जन्मभर चुकीच्या खांद्यावरून मारतोयस."

ताई, काय सांगू. मला त्या कळकट दुकानात नाचावंसं वाटलं. मी नेमबाज म्हणून वाईट नव्हतोच, मी डावखुरा होतो, एवढंच. मी कॅफेत परत गेलो आणि ही बातमी पाद्रीबुवांना सांगितली, गुरांच्या डॉक्टरला सांगितली, आणि टायर पंक्चर झाला म्हणून थांबलेल्या एका अनोळखी जोडप्याला दोनदा सांगितली. आपल्या घरात डावखुरी तू एकटीच असं सगळे समजत होते. बाबांच्या त्या रायफलीचा गोळी भरायचा बोल्ट उजवीकडे, आणि तू मात्र डाव्या खांद्याला लावून, वरून हात टाकून तो ओढायचीस. बघणाऱ्याला वाटायचं हिचा हात अडकलाय. आणि तरी चौदाव्या वर्षी पहिल्याच गोळीत एल्क पाडलास. मी झाडामागे उभा राहून पाहिलं होतं. असो, हाही विषय मी काढलेला नाही.

मग ठरलं, बोल्ट डावीकडचा. पुढे भाग निवडायला मी एकटा बसलो असतो तर आठवड्यात उरकलं असतं, पण मी कॅफेत बसलो. नळी लांब असावी की आखूड यावरून हॉगनबेरी बंधू, जे गेली चाळीस वर्षं एका बशीतलं खातात, वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागले. चाप किती हलका असावा यावर पाद्रीबुवांनी मत दिलं आणि ते इतकं नेमकं होतं की त्यांच्या पूर्वायुष्याबद्दल गावात अजून बोलणं चालू आहे. दुर्बीण गॉर्डीने सुचवली. ती बसवली असती तर एल्कच्या पोटातलं गवत दिसलं असतं, पण रायफल उचलायला दोन माणसं लागली असती. मी सगळ्यांना हो म्हणालो आणि डेलबर्टने सगळ्यांना नाही म्हटलं.

लाकूड मात्र माझं मी निवडलं. डेलबर्टच्या माळ्यावर अक्रोडाच्या फळ्या रचलेल्या असतात. तिसऱ्या फळीवर त्याने ओलं फडकं फिरवलं आणि आतून रेषा अशा वर आल्या, जशा वसंतात आपल्या ओढ्याला पाण्याच्या वळ्या पडतात. तळहात फिरवला तर ऊब लागली. डेलबर्ट म्हणाला, "तोकडं आहे. गाठ कापली तर दस्ता तुला दीड इंच कमी पडेल." मी म्हटलं, मान वाकवेन. तो म्हणाला, "आणि नाक?" मी म्हटलं, नाकाचा काय संबंध? त्याचे दहा शब्द संपले होते.

लाकडाला थंडीने तडा जाऊ नये म्हणून कोरायला घेण्याआधी मी ते घरी आणलं. तुझा तो तपकिरी कॅनव्हासचा कोट अजून आमच्या मागच्या दाराच्या खुंटीवर आहे (तू न्यायला आली नाहीस, आम्ही टाकला नाही), त्यात गुंडाळलं आणि आमच्या दोघांच्या मध्ये झोपवलं. दोन महिने. नोरीन ओ का देत नाही ते आता तुझ्या ध्यानात आलं असेल. तिचं म्हणणं, घोरणारा एक पुरे होता, टोचणारा दुसरा कशाला.

तर अशी ती रायफल परवा तयार झाली. हात लावताना मी हात धुऊन येतो. उद्या शनिवारी तिच्यातून पहिली गोळी झाडणार, सगळं गाव येणार आहे. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुझ्या घरात दोन्हीही नसल्यामुळे सगळं तुलाच.

तुझा,
अर्लिन

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, त्यामुळे सोमवारी पुढे लिहितो. अक्षर वाकडं दिसलं तर समजून घे, नाकावर बर्फाची पिशवी धरली आहे. दस्ता तोकडा असला की गोळी सुटताना स्वतःचाच अंगठा नाकावर बसतो. नाकाचा संबंध तो हा. गोळी मात्र बरोबर मधोमध लागली, शेजारच्या गॉर्डीच्या निशाणाच्या कागदावर. आयुष्यातला माझा सर्वोत्तम नेम गॉर्डीने स्वतःच्या नावावर मांडून घेतला. नंतर नोरीनने माझं नाक पुसलं आणि त्याच रुमालाने चष्मा पुसला, तर उजव्या काचेवरून पिठीसाखर निघाली. शनिवार होता ना. डेलबर्टने मला पुन्हा हातांचा झरोका करायला लावला. उजवा डोळा. पहिल्यापासून उजवाच. म्हणजे ताई, इतकी वर्षं मी योग्य खांद्यावरून, योग्य डोळ्याने चुकत होतो.

ता. क. दुसरा. आता ही रायफल कुणाच्याच कामाची नाही. बोल्ट डावीकडे, दस्ता तोकडा, तोल असा की माझ्या हातात ती अवघडून बसते. डेलबर्टने ती हातात फिरवली आणि म्हणाला, "ही कुणा बुटक्या, डावखुऱ्या बाईला बसेल. ओळखीत आहे कुणी?" मी म्हटलं, विचारून बघतो. सोबत शिकारीच्या परवान्याच्या सोडतीचा अर्ज जोडला आहे. परराज्यातल्यांना तो मार्च संपायच्या आत भरावा लागतो. बाकी सगळं मी लिहिलंय, सही तेवढी तुझी. ओढ्याकाठची बाबांची जागा तुझी. मी चुलीशी असेन, ते तसंही ठरलेलंच आहे. सर्दी असेल तर काही बळजबरी नाही.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात. वन्सं, मी नोरीन. ह्यांची पत्रं मी वाचत नाही, पण पाकिटाला तिकीट लावायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे नजर जाते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ह्यांची साखर बंद केली. शनिवारी कॅफेत हे कोरडा टोस्ट खातात, चेहरा पाडून. चष्मा रोज सकाळी मी पुसते. डोनट नाही, धुकं नाही, काही नाही. तो एल्क चुकला हे खरं, पण त्याच्या आधी, ऑगस्टातच, हे तुमचा कोट घेऊन डेलबर्टकडे गेले होते आणि बाहीवरून त्याला हाताचं माप घ्यायला लावलं. डेलबर्टच्या वहीत मी स्वतः पाहिलं. पहिल्या ओळीत लिहिलंय, 'डावखुरी. सोल्व्हेग.' बाबांनी रायफल पुढे केली तेव्हा 'ही ताईची आहे' एवढं ह्यांना म्हणायचं होतं. म्हणाले नाहीत, आणि त्या दिवसापासून ते ह्यांना खातं आहे. तोंडाने जमलं नाही म्हणून अक्रोडात म्हटलंय. स्वतःहून हे कबूल करणार नाहीत, तुम्हीही विचारू नका. नाक मात्र खरंच सुजलंय, नवी रायफल आधी आपण झाडून बघावी म्हणून.

सही करा आणि या. दोन महिने तुमचा कोट पांघरून जे माझ्या अंथरुणात झोपलं, ते तुमचं आहे. घेऊन जा, मला माझी जागा हवी आहे.