लाल गाडीच्या दारातलं पाणी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी जवसाच्या तेलाचा वास आला की माझे हात आपोआप पदराला पुसले जातात. अमडापुरात लोकांच्या घरी ते तेल जेवणात जायचं, आपल्याकडे गाडीच्या पोटाला लागायचं. नवा महाराष्ट्र झाला त्या सुमाराला खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगचा साहेब गाव सोडून गेला आणि त्याची जुनी, लाल, दोन माणसांची उघडी गाडी तुम्ही घेऊन आलात. तेव्हापासून घरात लाड झाले ते तिचेच.

रविवारी सकाळी शेडमध्ये तुम्ही आणि मी. तुम्ही गाडीखालच्या खड्ड्यात उतरून तारेच्या ब्रशने गंज खरवडता, त्यावर शेंदरी रंग देता, तो वाळला की जळकं ऑइल आणि जवसाचं तेल. माझं काम ऑइलचे डबे खाली देण्याचं, आणि दारांचं. दारांच्या तळाला बारीक भोकं होती, फटीतून आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथून गळायचं. कुंभारीण माशी नेमकी त्यांतच मातीचं घर करायची, आणि ती माती मी तारेने कोरून काढायची. "तुहा हात बारीक हाये, तूच कर. भोक बुजलं का दार आतून सडते," तुम्ही सांगितलं होतं. आणि एकदा, फार खुशीत असताना, "अठराची झाली का तुलेच शिकवतो चालवाले." त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं तार चालवली.

मी अठराची झाले त्या उन्हाळ्यात चिखलीचे पाहुणे मला बघायला आले. एकाने गमतीने विचारलं, पोरगी गाडी चालवते का. तुम्ही हसलात. "हिले गाडीखाली घालाले ठेवली हाये, गाडीत बसवाले नाही." सगळे हसले. मी चहाचा ट्रे धरून उभी होते आणि ते माझ्या नखांतलं काळं ऑइल बघत होते. लग्न जुळलं नाही, त्याचं मला दुःख नाही. राग आला तो तुमच्या हसण्याचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

पुढच्या रविवारपासून मी तार खिळ्यावरच ठेवून दारापाशी नुसती बसायची. भोकं बुजलेली दिसायची. बघायची आणि उठायची. दुसऱ्या पावसाळ्यात दार लोटलं की आत पाणी डुचमळायचं. तुम्हाला तेव्हा कमी ऐकू यायला लागलं होतं. मला चांगलं ऐकू यायचं.

दसऱ्याला आईने नेहमीसारखी गाडीची पूजा केली. हळदीकुंकू, झेंडूची माळ, आणि माहेरच्या तांब्यातलं थोडं पाणी दारावर. दिवाळीच्या सफाईत तुमचा स्क्रू ड्रायव्हर दाराच्या तळातून आरपार गेला. तुम्ही आईला अंगणात बोलावलं.

"तुह्या पाण्यानं सडवली गाडी. तांब्या घेऊन काऊन येतं इथं?"

"अवो, म्या त चूळभर शिंपडलं."

तुम्ही तो तांब्या आणून तिच्यासमोर दगडाने चेचला. पुन्हा हात लावला तर हात तोडीन म्हणालात. ती जिवंत होती तोवर दर दसऱ्याला स्वयंपाकघराच्या दारातूनच गाडीला हात जोडायची, आणि तुम्ही ते बघून न बघितल्यासारखं करायचात.

दुसऱ्या दिवशी तिने शेडमधल्या खिळ्यावरची माझी तार काढून आणली. तारेवर जाळं धरलं होतं. तिने तार बघितली, मग मला. "पुसून ठेव," म्हणाली, "त्यायले दिसन." आणि भाकरी थापायला बसली.

आई गेल्यावर तुम्ही बरीच वर्षं जगलात. दर दसऱ्याला मी सांगू म्हणायची आणि गप्प बसायची. हा कागदही कुठे जायचा नाही, चुलीत जाईल. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प होते असं समजू नका. त्या दिवाळीत अंगणातून तुमची हाक आली, ती माझ्या नावाने नव्हती, आणि मला बरं वाटलं होतं.