गार्डला बांधलेला धागा

२ नोव्हेंबर
विश्वकर्मा दिवस. कारखाना बंद. भापाजींनी आम्हा दोघा लेकांना शेजारी उभं केलं, एकेका यंत्राला टिळा लावला, लाल धागा बांधला. विजेच्या मायटर करवतीची पाळी आली तेव्हा पात्यावरचं गार्ड वर उचललं आणि धाग्याने मुठीशी आवळून टाकलं — सात वेढे! पातं उघडंनागडं. म्हणालो, "भापाजी, आता गार्ड खाली कसं पडणार?" थोरला वीरा हसला. "बाबा विश्वकर्म्याच्या धाग्यापुढे तुझ्या प्लास्टिकची काय मातब्बरी रे?"
हा धागा सोडायचा नसतो. झिजून आपोआप तुटेल तेव्हा तुटेल.

४ नोव्हेंबर
वीराचा हात पात्यापासून चार बोटांवर! निदान वीतभर तरी लांब ठेवावा. पातं फिरायचं थांबायच्या आतच तुकडा उचलतो. ओरडलो तर मानेवर रट्टा. "भित्र्या, डोक्यावर चुन्नी घे आणि पोळ्या लाट!"

७ नोव्हेंबर
छिन्नीने धागा कापला. वीराने पाहिलं. शिसवीची फळी हाणली — एक खांद्यावर, एक तोंडावर. दात पडला. मीही पोटात गुडघा घातला, कान चावला. भुशात लोळलो, दोघांच्या पगड्या सुटल्या. भापाजी मध्ये पडले नाहीत. नवा धागा आणून बांधला आणि मला म्हणाले, "हा धागा तोडणारा हात माझ्या घरचा नव्हे."
तुटो वीराचा हात! लिहून ठेवतो. तुटो!

९ नोव्हेंबर
सकाळी सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेलो. पाच मिनिटांचं काम होतं. पराठा अजून चावता येत नाही.

११ नोव्हेंबर
घडलं. आखूड तुकडा, शिकंजा न लावता नुसत्या हाताने धरून वीरा तिरका कापत होता. तुकडा उसळला, हात उघड्या पात्यात ओढला गेला. तीन बोटं! भिंतीवर रक्त, पूजेच्या टिळ्यावर रक्त. मी प्लग उपटला, पगडी उलगडून मनगट आवळलं. वीरा मला ओरडून सांगत होता, "बोटं शोध, निरवैर, बोटं शोध!" भुसा उपसून दोन सापडली. लस्सीवाल्याकडून बर्फ घेतला, जालंधर गाठलं. डॉक्टर म्हणाले, चिंधड्या झाल्यात, जोडता येणार नाहीत.

१३ नोव्हेंबर
भापाजी अन्नाला शिवत नाहीत. स्वतःचे हात पुढे करतात. "यांनीच बांधला मी. हे तोडा!"
दुपारी वीराने मला खाटेजवळ बोलावलं. "तुझा दात पाडला आणि मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मीच तो धागा कापला होता. सकाळी बघतो तर पुन्हा बांधलेला! भापाजींनीच बांधला असणार. बापाचा अपमान किती वेळा करायचा? गप्प बसलो. त्यांना यातलं काही सांगू नकोस, म्हातारा खचेल."

१४ नोव्हेंबर
या वहीलाही सांगितलं नव्हतं. नऊ तारखेला कापलेला धागा खाली पडलेला दिसला. भापाजींनी नाही, मी नवा बांधला. सातही वेढे, वीराचा हात डोळ्यांपुढे ठेवून.