टोपलीचा तळ

४ जाने.
दत्तकाच्या यादीत आज दोन वर्षं आठ महिने. सकाळी पोर्टल उघडलं, नंबर तोच. दुपारी परत उघडलं. तोच.
हातांना काहीतरी हवं म्हणून बाजारात गेले. जाड सुती दोर, राखाडी, आणि क्रोशाची सर्वांत जाड सुई. शेठजी म्हणाले, "टोपली केवढी करायची ताई? ते सांगा, दोर किती लागेल मी सांगतो." सांगता येईना. चार गुंडे घेतले.

५ जाने.
सहा मुक्या खांबांनी, म्हणजे बुटक्या टाक्यांनी, सुरुवात. दर फेरीला सहा वाढवायचे, तळ सपाट राहतो. वाढवणं थांबवलं की कड उभी राहते. एवढंच आहे. मनगट दुखतं.
सुधीर फॅक्टरीतून आला, डबा हातातच.
"काय हे?"
"टोपली. कांद्यांना."
नवरा आहे, चौदा वर्षं ओळखतो. पुढे विचारलं नाही.

९ जाने.
धुळ्याहून सासूबाई, दोन दिवसांसाठी. "हाई कसाले करी ऱ्हायनी?"
वर्तमानपत्रांना, म्हटलं.
पोर घरात येण्याआधी त्याचं काही करून ठेवू नये, असं त्या मानतात. सुधीरच्या आधीची मुलगी जगली नाही. तिचं टोपडं शिवून तयार होतं. याबद्दल माझ्याशी एकदाच बोलल्यात.
तळाकडे बघत राहिल्या. मग, "मंग मोठी कर. पेपर मोठा ऱ्हास."

१३ जाने.
अर्जात आम्ही लिहिलंय, दोन वर्षांखालचं मूल. लंगोट, बाटल्या, पावडर. अकरा फेऱ्यांचा तळ पुरे. आज वाढवणं थांबवलं. कड दोन बोटं वर आली.
आज पोर्टल उघडलं नाही. संध्याकाळी उघडलं.

१७ जाने.
अकरावीचा तास चालू असताना फोन. वर्गाबाहेर येऊन घेतला. संस्थेतल्या समाजसेविका. नंदुरबारकडची मुलगी आहे. पावणेपाच वर्षांची.
"तुम्ही लहान लिहिलंय, माहीत आहे मॅडम. विचारून बघतेय. हिला कुणी हो म्हणत नाहीये. परवा संध्याकाळपर्यंत कळवा."
परत वर्गात गेले. काय शिकवलं, आठवत नाही.
घरी आम्ही दोघांनी फोटो पाहिला. केस बारीक कापलेले, ओठ मिटलेले. खाली अहवाल. उंची, वजन, लसी. नीट जेवते. कमी बोलते. आईबद्दल विचारते.
सुधीर तिथेच थांबला. "तिला आई आहे."
"होती. वर लिहिलंय."
"विचारते म्हणजे आहे."

१८ जाने.
सासूबाईंना फोन. "पावणेपाच? तिले बठ्ठं याद राही. तुले आई कधी म्हनी ती?"
मी अहवाल परत उघडला.
"जेवस का नीट?"
"अहवालात तसं लिहिलंय आई."
"तसं लिखेलच ऱ्हास."
कड उसवली. तळ परत वाढवायला घेतला. पाच वर्षांच्या मुलीचं काय काय असतं? चपलांच्या दुकानात जाऊन नंबर विचारला. माणूस म्हणाला, "पाय आणा ताई." तशीच परत आले.
मला मांडीवर मावणारं बाळ हवं होतं. कुठेतरी लिहायला हवं म्हणून इथे लिहिते.

१९ जाने.
सुधीरची रजा. सकाळभर या खोलीतून त्या खोलीत.
"तू म्हणशील ते."
"असं नको म्हणूस."
"मग काय म्हणू? भीती वाटते, म्हणू?"
"म्हण."
चारला फोन केला. आधी एकदा भेटता येईल का, विचारलं. समाजसेविका म्हणाल्या, "आधी हो लागतो. पोरांना दाखवायला नाही काढत आम्ही."
ती आईबद्दल काय विचारते?
"आई कोणत्या बसने येईल. रोज तेच. आई गेली हे सांगितलंय तिला. संस्था स्टँडसमोर आहे ना. खिडकीत बसते."
सुधीर स्पीकरवर ऐकत होता. माझ्याआधी त्यानेच हो म्हटलं. नंतर मी.
सासूबाईंना कळवलं, बसचंही सांगितलं. मग, "कधी जावानं शे?"

२३ जाने.
उद्या पहिली भेट. भेटच फक्त. तिने तोंड फिरवलं तर परत यायचं, पुन्हा जायचं. किती वेळा, ते कुणी सांगत नाही.
बसने जायचं नाही, यावर दोघांचं एकमत. रेल्वेने, पुढे रिक्षा. पण रिक्षातून उतरतानाही ती खिडकीतून बघेलच. एक बाई उतरताना.
दुपारी सासूबाई आल्या. टोपलीचा तळ आता परातीएवढा झालाय.
"तिनासाठी शे ना?"
"हो."
"मंग आते पुरी करू नको. पयले ती येऊ दे."
रिक्षाचं त्यांना सांगितलं. भाकरी थापत होत्या, हात थांबला नाही.
"पयले मी उतरस. म्हातारी शे मी. मले देखीसन तिले माय वाटी का?"
सुधीर हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. मला हसू आलं नाही, पण स्वस्थ बसता आलं.
पहिलं वाक्य काय बोलायचं, सकाळपासून जुळवतेय. मी तुझी... नाही. तुला भेटायला... 
सासूबाई पुढे, मग सुधीर, मग मी. एवढं ठरलं आहे.