एकेरी कैची

दि. ३ मार्च

ती. आईस,
सा. न.

"याला छपराचे कोपरे देऊ नका, सरळ रांगेत वासे ठोकू दे," असं बाबा धाकट्याबद्दल म्हणाले होते, त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं तेव्हा. परवा मी त्याचं नवं घर बघायला आले, माळ्यावर चढले आणि बाबा किती सौम्य बोलले होते ते कळलं.

छपराच्या कोपऱ्याकडे उतरणारे सगळे वासे एका तिकोनी लाकडी कैचीवर टेकतात. ती दुहेरी लागते, हे आपल्या कारखान्यातलं मांजरही सांगेल. साहेबांनी एकेरी ठोकली आहे. दोन उतार आत मिळतात तिथल्या पन्हळीला तर खालून आधारच नाही. पत्रा नुसता शोभेला. मी बोलले तर म्हणाला, ताई, तुझी विद्या जुनी झाली. वर बायकोकडे बघून हसला. हसू दे. पण त्या कैचीखाली तुझी खाट आहे. ती आजच पुढच्या खोलीत हलव.

प्रकृती सांभाळ, माझ्यावर माया राहू दे.
तुझी थोरली

दि. ९ मार्च

चि. थोरलीस,
अ. आ.

पत्र पोचलं. अक्षर आणि तोंड दोन्ही बापावर गेलंय तुझं. सुताराशी संसार मी काय डोळे मिटून केला? कैची एकेरी आहे हे ती वर चढवत होते तेव्हाच मला दिसलं. वाऱ्याला कुरकुरते, तेही ऐकते.

खाट हलवली तर तो कारण विचारेल. जन्मभर त्याने तुम्हा बापलेकींचं हसणं ऐकलं. हे एक घर त्याने कुणाला न विचारता उभं केलं. मी त्याखाली झोपते, एवढ्यावर त्याची मान ताठ आहे. तुझं शहाणपण तिकडेच ठेव. वेळेवर जेवत जा.

तुझी आई

दि. १४ मार्च

ती. आईस,
सा. न.

धन्य आहेस. पोराची मान ताठ राहावी म्हणून आपलं डोकं पुढे करायचं! तो गाढव आहेच, आणि तू त्याची आई शोभतेस. हे कारखान्यात मोठ्याने बोलून दाखवलं, मग दिवसभर रंधा धड चालेना.

मापं मी त्या दिवशीच घेतली होती. दुसरी कैची जोडून तयार आहे. पहिलीला लावून बोल्ट आवळले की झालं. पन्हळीखालचं लाकूडही कापलं आहे. मी ताई म्हणून येणार नाही. खिळे हातात देईन, तोंड उघडणार नाही. कल्पना त्याचीच, असं भावजयीला मीच सांगेन.

तेवढं त्याला विचार, थोरलीला हाताखाली घेतोस का म्हणून. नाहीच म्हणेल तो. तरी विचारशील?

थोरली