दोन्ही टोकांना टोपण

८ सप्टेंबर १९९२, बोरी

आज मी मशीन झाले! सत्यशीलानं मला बाजेवर बसवलं, हातात सुंभाचं टोक दिलं. दुसरं टोक तुळशीला. मधी एक घागर, एक पायली — त्या बी मशिनी. नात माझी बी.एस्सी. झालेली, पण गावात कॉम्प्युटर कुठला? मग आजीच कॉम्प्युटर. तिच्या मामानं, बन्सीधरनं, हैदराबादच्या फूटपाथवरून दोन जाड इंग्रजी पुस्तकं घेऊन दिली. ती वाचती, मला मराठीत सांगती. सांगितलं की तिच्या बी डोक्यात बसतं म्हणे. सगळ्या मशिनी एकाच तारेवर बोलतात. बोलायच्या आधी ऐकायचं. दोघी एकदम बोलल्या तर दोघींनी गप्प व्हायचं, जरा थांबून परत. म्हटलं, "आपल्या घरात हे चालायचं न्हाई गं. तुझा बाप थांबतो का?" लय हसली.

माझं शिकणं प्रौढ वर्गातलं, कंदिलापुढचं. जोडाक्षरं अजून अडतात. मास्तर बरा होता, तंबाखू फार खायचा — असो.

१५ सप्टेंबर

तारेच्या दोन्ही टोकांना टोपण पाहिजेच! एक जरी निघालं तर बोललेलं टोकाला आपटून माघारी येतं, आन् सगळ्याच मशिनी मुक्या. मला हे कळलं! मला!

२४ सप्टेंबर

दिनकरनं पुस्तकं हिसकली. माझाच लेक. पाथरीचं स्थळ आणलंय, दसऱ्याला सुपारी फोडायची. मुलाचा बाप म्हणला म्हणे, "पोरगी लय शिकायली असं ऐकतो." तेवढ्यावर ह्यानं घर डोक्यावर घेतलं. "रद्दीत घालतो!" सुमन — माझी सून, पोरीची आई — चुलीजवळूनच, "घाला. माझी बी कटकट जाईल." आई हाय का कोण?

मी म्हटलं, "खंडेनवमीच्या तोंडावर सरस्वती घराबाहेर काढतोस? पूजा होऊ दे, मग काय करायचं ते कर." पुस्तकं माझ्या पुढ्यात टाकून गेला. मी ती लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवली.

पोरगी रडली न्हाई. त्याचंच भ्या वाटतं.

२९ सप्टेंबर

किराणा दुकानात बन्सीधरचा फोन आला. त्याच्या ऑफिसात मशिनी तारेनं जोडायलेत, त्या सांभाळायला माणूस पाहिजे. शनिवारी परीक्षा. सत्यशीलानं बापाला विचारलं, जाऊ का? "दसऱ्यानंतर नवऱ्याला विचार." एवढंच. जेवला, हात धुतला, झोपला.

२ ऑक्टोबर

सत्यशीला बाजूला बसली, महिन्याचं. मागच्या खोलीत. ऐन सणाचा विटाळ म्हणून सुमन करवादली. पुरुषमाणसं तिकडं फिरकत न्हाईत. ताट मीच नेते.

४ ऑक्टोबर

पोट बिघडलंय. ओवा खाल्ला.

खंडेनवमी, सकाळ

दिनकरनं नांगराला, विळ्या-कोयत्याला, सगळ्याला हळदकुंकू लावलं. लाल फडक्यापुढं तर डोकं टेकलं! उद्या रद्दीत घालणार, आज पाया पडतो.

आता लिहितेच. पानाला बी सांगितलं न्हवतं. फडक्यात दोन विटा हायत. पुस्तकं सत्यशीलाच्या पिशवीत, आन् सत्यशीला हैदराबादला, मामाकडं. शुक्रवारी पहाटंच गेली. मागची खोली रिकामी. तिचं ताट मीच खाते. ह्या विटाळानं जन्मभर आमाला कोपऱ्यात बसवलं. पाणी मागायचं तरी लांबून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडला.

तिकडच्या टोकाला बन्सीधर, इकडच्या टोकाला मी एकटी म्हातारी. सुमनला कळलं की संपलं, नवऱ्याला सांगायला तिला कितीसा वेळ! उद्या पाथरीचे येतील. मग माझं काय व्हायचं ते होवो.

खंडेनवमी, संध्याकाळ

सुमननं पोरीचं ताट अर्धंच वाढलं. बाजूला ओव्याची पुडी. माझ्याकडं न बघता म्हणाली, "दोन-दोन जेवणं झेपायचं वय न्हाई तुमचं, आत्याबाई. आन् फडक्याची गाठ ढिली होती. मी आवळली."