बठ्ठा या

सोनगीर, १४ डिसेंबर १९८८

मी एनएसएस शिबिराचा गटप्रमुख, आणि साताऱ्याहून धुळ्यात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. आज बंधाऱ्याचा मोठा दगड पहारीनं उचलून धरत गावातले नाना ओरडले, "बठ्ठा या रे!" मला वाटलं, बसा म्हणतायत. मी पोरांना खाली बसवलं. पहार सटकली, नानांचं बोट चेचलं.

अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळे!

माझ्या गटातला सुरेश तर इथलाच, त्याला कळलं होतं. तरी बसला. का? म्हणे, "प्रमुख तू. तू सांगितलंस."

पोरं माझा शब्द मोडत नाहीत, म्हणून कालपर्यंत केवढा फुशारलो होतो मी.

बोटाला चिंधी गुंडाळत नाना म्हणाले, "उद्या हाक तूच मार." बठ्ठा या. दहादा म्हणून पाहिलं. पण पुन्हा चुकलो, तर न बसणारा एक तरी असेल ना?